‘टेक’चे चाळीस अर्थ आणि युक्रेनियन विद्यार्थिनी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आयर्लंडात कॉर्कला राहता आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथल्या वाचनालयात सात-आठ युक्रेनियन बायकांना इंग्रजी शिकवता. ‘टेक’ या क्रियापदाच्या चाळीस अर्थांची यादी तुम्ही करून दिलीत आणि बायकांनी ती इमानेइतबारे पाठही केली. पुढच्याच तासाला एकीने ‘आय ड्रिंक टॅब्लेट्स’ म्हटलं, दुसरीने ‘मेक अ फोटो ऑफ मी’, आणि तिसरीने ‘आय पास्ड द एक्झाम बट आय डिड नॉट पास’. आता यादी वाढवू की कमी करू, असं तुम्ही विचारलंय. शिवाय ‘मला युक्रेनियन येत नाही’ ही तुमची खंतही आहेच.

यादी वाढवूही नका आणि कमीही करू नका, सध्या ती कपाटात ठेवा. या तीन बायकांना ‘टेक’चा अर्थ माहीत नाही असं नाही. प्रश्न एवढाच आहे की गोळी, फोटो, परीक्षा यांच्याबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा त्यांच्या डोक्यात ‘घेणे’ आलंच नाही. गोळी म्हटल्यावर त्यांच्या भाषेत ‘पिणे’ येतं, फोटो म्हटल्यावर ‘करणे’ येतं, आणि तोंडातून तेच बाहेर पडतं. तुमची यादी इंग्रजीच्या बाजूने लिहिलेली आहे, पण बोलणारा माणूस स्वतःच्या भाषेच्या बाजूने निघतो. तो त्या यादीपर्यंत पोचतच नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की नाशिकला पंधरा वर्षं इंग्रजी शिकवलं आणि आता इंग्लंडात लीड्सला बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना शिकवते. 2022 पासून माझ्या वर्गात युक्रेनियन लोक जास्त. मला युक्रेनियन बोलता येत नाही, वाचता येतं आणि कान बरा झालाय. खाली त्यांचे शब्द कानाला लागतील तसे देवनागरीत लिहिते. ‘झ’ मात्र ‘झाड’मधला वाचा.

आधी स्वतःकडे बघू. आपण रजा घेतो, भाग घेतो, शपथ घेतो, श्वास घेतो, काळजी घेतो, मनावर घेतो, बोललेलं मागे घेतो आणि एखाद्याला फैलावरही घेतो. यांतल्या बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही ‘टेक’ चालतो, म्हणून ‘टेक’ आपल्याला सोपा वाटतो. पण आपण फोटो ‘काढतो’. माझ्या कॉलेजात ‘रिमूव्ह माय फोटो’ हा विनोद नव्हता, लोक खरंच तसं म्हणायचे. आणि परीक्षेचा तर आपला सगळाच मामला उलटा, विद्यार्थी ती देतो आणि मास्तर घेतो. इंग्लंडातल्या पहिल्या आठवड्यात मी सहकाऱ्याला सांगितलं, ‘आय विल टेक देअर टेस्ट ऑन फ्रायडे.’ त्याने गंभीरपणे विचारलं, तुम्ही कशाला देताय त्यांची परीक्षा? पंधरा वर्षं शिकवून झाल्यावर हे! तेव्हा त्या बायकांवर रागावण्याचा हक्क आपल्याला तसा कमीच आहे.

आता त्यांच्याकडे वळू. युक्रेनियनमध्ये ‘घेणे’ म्हणजे ‘ब्राति’, आणि घेऊन झालं की ‘व्झ्याति’. एकाच क्रियेची ही दोन रूपं, एक चालू किंवा नेहमीच्या घेण्याचं आणि दुसरं पुऱ्या झालेल्या घेण्याचं. ‘ब्राति’ आपल्या नात्यातला शब्द आहे, संस्कृतातला ‘भृ’, आपला ‘भार’ आणि इंग्रजीतला ‘बेअर’ हे सगळे त्याचे भाऊबंद. जिथे जिथे युक्रेनियन माणूस ‘ब्राति’ म्हणतो तिथे तुम्ही अजिबात वेळ घालवू नका. भाग घेणे त्यांच्याकडे ‘ब्राति उचास्त’, लक्षात घेणे ‘ब्राति दो उवाहि’. जबाबदारी, रजा, छत्री, टॅक्सी सगळी घेतलीच जाते. हे त्यांना न शिकवता येतं, फार तर ‘अ’ आणि ‘द’ गाळतील. ते दुखणं वेगळं, त्यांच्या भाषेत उपपदं नाहीतच.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती मला एका आजींनी दाखवली.

या बाई खारकीव्हच्या. तिथे शाळेत गणित शिकवायच्या, इथे मुलगी आणि नातवाबरोबर राहतात. वर्गात पाठीमागे बसायच्या आणि फार बोलायच्या नाहीत. एके दिवशी आल्या त्या नातवाची वही घेऊनच. वजाबाकीची पाच-सहा उदाहरणं होती. नातू घरी मोठ्याने म्हणत होता, ‘सेव्हन टेक अवे थ्री’. इथल्या प्राथमिक शाळांत ‘मायनस’च्या आधी मुलांना हेच शिकवतात. आजींना प्रश्न पडला होता की कोपऱ्यावरच्या चिनी खाद्यपदार्थांच्या दुकानावरही ‘टेक अवे’ लिहिलंय, तर तिथे वजाबाकी कसली करतात? वर्ग हसला. मग त्या उठल्या, माझ्या हातातून मार्कर घेतला आणि फळ्यावर 7 – 3 लिहून त्याखाली त्यांचा शब्द लिहिला: ‘विदन्याति’. वजा करणे. ‘विद’ म्हणजे -पासून, दूर. आणि ‘न्याति’? त्यांनी मार्करने ‘विद’खाली एक रेघ मारली, ‘न्याति’खाली दुसरी, पहिलीखाली ‘अवे’ लिहिलं आणि दुसरीखाली ‘टेक’. मग माझ्याकडे बघितलं, जशी शिक्षिका हुशार पण आळशी विद्यार्थिनीकडे बघते तशी.

झालं असं की जुन्या स्लाव्हिक भाषेत घेण्यासाठी आणखी एक क्रियापद होतं. एकटं असं ते आता जवळजवळ वापरात नाही, पण उपसर्गांच्या पोटात जिवंत आहे. खुद्द ‘व्झ्याति’तही तेच आहे. कपडे, बूट काढणे: ‘झ-न्याति’, इंग्रजीत ‘टेक ऑफ’. बाहेर काढणे: ‘विय-न्याति’, इंग्रजीत ‘टेक आउट’. कामावर ठेवणे: ‘नाय-न्याति’, इंग्रजीत ‘टेक ऑन’. जागा किंवा वेळ व्यापणे: ‘झाय-न्याति’, इंग्रजीत ‘टेक अप’. स्वीकारणे: ‘प्रीय-न्याति’. चालू क्रियेच्या रूपात या ‘न्याति’चा ‘माति’ होतो, म्हणजे ‘झ्नीमाति’, ‘झायमाति’, ‘प्रीयमाति’. म्हणजे ज्या ‘टेक ऑफ’, ‘टेक आउट’च्या नावाने सगळे विद्यार्थी डोक्याला हात लावतात, ते कुटुंब युक्रेनियन माणसाच्या घरात आधीपासून नांदतंय. फक्त त्यांच्याकडे शेपूट पुढे आहे आणि इंग्रजीत मागे.

त्या दिवशी उरलेला तास मी शिकवलाच नाही. बायका एकमेकींना शब्द सांगत होत्या आणि आजी फळ्यावर लिहीत होत्या.

हे कळल्यावर चुकांकडे बघण्याची दृष्टी बदलते. ‘आय ॲक्सेप्ट शॉवर एव्हरी मॉर्निंग’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, नसेल तर ऐकाल. अंघोळीला त्यांच्याकडे ‘प्रीयमाति’ लागतं, शब्दकोश त्याचा अर्थ ‘ॲक्सेप्ट’ देतो, आणि बाई प्रामाणिकपणे शॉवरचा स्वीकार करते. तिला म्हणा, शब्दकोश मिट, शब्द फोड, आत कोण बसलंय बघ. आत ‘टेक’ बसलेला असतो.

गोळीचंही असंच. घरात बोलताना युक्रेनियन माणूस गोळ्या ‘पितो’. ‘पिति’ हा शब्द ऐकून तुम्हाला ओळखीचं वाटेल, आपल्या पिण्याचाच तो सख्खा. पण औषधाच्या पाकिटातल्या कागदावर आणि डॉक्टरच्या तोंडी ‘प्रीयमाति’ असतं. म्हणून मी ‘ड्रिंक नव्हे, टेक’ अशी दुरुस्ती करत नाही. विचारते, डॉक्टर काय लिहितात? उत्तर वर्गातूनच येतं आणि त्या उत्तरात ‘टेक’ असतो. फोटोचंही तेच. ‘रोबिति फोतो’, म्हणजे फोटो करणे, हे एक झालं. पण मोबाइलवर फोटो किंवा व्हिडिओ टिपायला त्यांच्याकडे ‘झ्नीमाति’ही सर्रास चालतं, तेच बूट काढायचं क्रियापद. आपणही फोटो काढतो आणि बूटही काढतो, तेव्हा तुम्हाला हे नवल वाटायचं कारण नाही.

एक पुरावाही देते. प्रवासाच्या वेळेबद्दल या बायका हमखास म्हणतात, ‘द रोड टेक्स वन आवर’. नीट बघा, ‘टेक’ बरोबर आलाय! त्यांच्याकडे ‘दोरोहा झायमाये होदिनु’, म्हणजे वाटेला एक तास जातो, असं म्हणतात आणि त्या ‘झायमाये’ने ‘टेक’ आपोआप हातात दिला. चुकलाय तो फक्त ‘रोड’, कारण ‘दोरोहा’ म्हणजे रस्ताही आणि प्रवासही. इथे मी ‘इट टेक्स मी ॲन आवर’ हा साचा घोकून घेते, घोकंपट्टीला पर्याय नाही. मराठी माणसाला हा साचा ‘मला तास लागतो’ या वाक्यावरून पटकन कळतो. आपण ‘वेळ लागला’ आणि ‘वेळ घेतला’ यांत जो फरक करतो, तोच इंग्रजीत ‘इट टुक’ आणि ‘आय टुक’मध्ये आहे. पहिल्यात कामाचा दोष, दुसऱ्यात माणसाचा.

आता सावध करते. या उपसर्गांच्या खेळाचा नियम बनवू नका. बँकेतून पैसे काढायलाही ते ‘झ्न्याति’ म्हणतात, म्हणून एकीने मला सांगितलं की तिने यंत्रातून पन्नास पौंड ‘टेक ऑफ’ केले. डोळ्यांपुढे नोटा विमानासारख्या उडाल्या. तिथे ‘टेक आउट’ हवं. ‘पिद-न्याति’ म्हणजे खालून उचलणे, तिथे इंग्रजी बहुधा ‘पिक अप’ म्हणतं आणि ‘टेक’ लागतच नाही. ओळख पटवायला हा खेळ उत्तम आहे, पण वाक्य शेवटी ऐकून आणि वापरूनच पक्कं होतं.

ज्या जागी युक्रेनियनमध्ये घेण्याचा मागमूस नाही, त्या थोड्या आहेत आणि तुमचे कष्ट तिथे जाऊ द्या. बस हा त्यातला सोपा प्रकार. ते ‘बसने जाणे’ म्हणतात, शब्दाला प्रत्यय लावून, आपल्यासारखंच. ‘गो बाय बस’ बोलू द्या, काही बिघडत नाही. कोणी रस्ता सांगताना ‘टेक द नंबर फाइव्ह’ म्हणाला तर ते कळलं पाहिजे, एवढं पुरे.

परीक्षेला मात्र पूर्ण तास द्या. त्यांच्याकडे परीक्षेला ‘स्क्लादाति इस्पित’ म्हणतात. ‘स्क्लादाति’चा मूळ अर्थ रचणे, जुळवणे. परीक्षेला बसण्याची क्रिया ‘स्क्लादाति’, आणि ती पुरी झाली, म्हणजे पास झालात, की ‘स्क्लास्ति’. एकाच क्रियापदाची दोन रूपं, वर सांगितलेल्या ‘ब्राति–व्झ्याति’सारखी. म्हणजे ‘स्क्लादाला पण स्क्लाला नाही’ हे त्यांचं अगदी सरळ वाक्य आहे: परीक्षा दिली, पण पास झाले नाही. शब्दकोशाने दोन्हीपुढे ‘पास’ लिहिलं की तुमच्या विद्यार्थिनीचं ते वाक्य तयार होतं. त्यांना सांगा, तुमच्याकडे एक क्रियापद दोन रूपांत, इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं: पहिल्याला ‘टेक’, दुसऱ्याला ‘पास’. हे मुलाखतीत आणि अर्जात फार महत्त्वाचं ठरतं. परीक्षेचा निकाल यायचा असताना कोणी ‘आय पास्ड’ लिहिलं तर ते खोटं धरलं जाईल. ज्यांची मुलं तिकडच्या विद्यापीठात प्रवेश घेताहेत त्यांच्या घरी हा विषय रोजचा आहे, कारण 2022 पासून युद्धामुळे तिथल्या जुन्या प्रवेश परीक्षेच्या जागी एकत्र अनेक विषयांची चाचणी घेतात. उदाहरणाला तीच वापरा.

तिसरी जागा म्हणजे कुणाला किंवा काही कुठे नेणे. इथे युक्रेनियन आपल्यापेक्षा काटेकोर आहे. हातात धरून न्यायचं तर एक क्रियापद, माणसाला चालवत न्यायचं तर दुसरं, आणि वाहनाने न्यायचं तर तिसरं. मुलाला पायी शाळेत पोचवणं ‘विदवेस्ति’, गाडीने पोचवणं ‘विदवेझ्ति’, आणि डबा नेऊन देणं ‘विदनेस्ति’. म्हणून ‘आय लीड माय सन टू स्कूल’ आणि ‘आय कॅरी माय डॉटर बाय कार’ अशी वाक्यं येतात, दोन्ही तर्काने अचूक. इंग्रजीत एक ‘टेक’ तिघांचं काम करतो हे ऐकल्यावर त्यांना हायसं वाटण्याऐवजी संशयच येतो. ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ला मात्र त्यांना अडचण नाही, त्यांच्याकडे ‘प्रि’ लागला की इकडे आणि ‘विद’ लागला की तिकडे, जसं आपलं आणणे आणि नेणे.

कानावर पडणारी काही वाक्यं मी अर्थाच्या भानगडीत न पडता तशीच देते. दवाखान्यात ‘टेक अ सीट’ ऐकून एक जण खुर्ची उचलून आत निघाला होता. दुकानातली मुलगी निघताना ‘टेक केअर’ म्हणाली तेव्हा एक बाई रस्त्याला लागेपर्यंत मागे वळून बघत होत्या, कसला धोका आहे म्हणून. ‘टेक युअर टाइम’ म्हणजे आपलं ‘सावकाश होऊ द्या’. ही तीन वाक्यं पहिल्या आठवड्यातच सांगून टाका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. एक म्हणजे घरची भाषा. खारकीव्ह, ओदेसा, झापोरीझिया अशा भागांतून आलेल्या अनेकांची बोलायची भाषा रशियन असते. ‘न्याति’चं कुटुंब रशियनमध्येही आहे, तेव्हा वरची युक्ती तिथेही चालते, पण परीक्षेचं क्रियापद वेगळं आहे. काहींना आता वर्गात रशियन नको असते, तर काहींना तीच सोयीची. तुम्ही ठरवू नका, त्यांनाच विचारा. दुसरं म्हणजे कुणाचं इंग्रजी. अंघोळीला अमेरिकेत ‘टेक’, इकडे जास्त करून ‘हॅव’. निर्णय अमेरिकेत ‘मेक’ करतात, ब्रिटनमध्ये ‘टेक’ही होतो. कुणाची बहीण कॅनडात असते आणि फोनवर वेगळंच सांगते, मग वर्गात वाद होतो. दोन्ही बरोबर, म्हणून सांगून मोकळ्या व्हा. तिसरं म्हणजे वय. तरुण मुलांना शब्द फोडून दाखवायची गरज नसते, ती ऐकून उचलतात. साठीच्या पुढच्या बायकांना मात्र हे फार आवडतं, कारण त्यात त्यांना माहीत असलेलं काहीतरी कामाला येतं.

युक्रेनियन न येण्याची खंत सोडा, उलट तो फायदा आहे. प्रत्येकीला आठवड्यात घरी बोललेली पाच वाक्यं लिहून आणायला सांगा, ज्यात इंग्रजीत ‘टेक’ लागेल असं त्यांना वाटतं. मग एकेक वाक्य घेऊन विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणता? ‘ब्राति’ आलं तर पुढे चला. ‘न्याति’ किंवा ‘माति’वाला शब्द आला तर तो त्यांच्याकडूनच फोडून घ्या. यांतलं काहीच नसेल तर विचारा, याला आणखी कसं म्हणता येतं, डॉक्टर कसं म्हणतील, पाकिटावर कसं लिहितात? तिथेही हाती काही लागलं नाही तर ते वाक्य वहीत लाल शाईने लिहून पुढच्या तासाला घोकून घ्या. तुम्हाला उत्तर माहीत नसल्यामुळे विचारणं खरं होतं, नाटक होत नाही. माझ्या वर्गात लाल शाईची वाक्यं पंधराच्या वर कधी गेली नाहीत.

थोडं विषयांतर. यॉर्कशरात, म्हणजे लीड्सच्या परगण्यात, बसून ‘टेक’ शिकवताना एक गोष्ट मी सांगतेच, की हा शब्द मूळ इंग्रजीतला नव्हे. तो उत्तरेकडच्या, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडच्या, व्हायकिंगांबरोबर आला. त्याआधी इंग्रजीत घेण्याला ‘निमन’ होतं, जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘नेमन’ अजून आहे. इंग्रजीत उरलंय ते ‘नम’, बधिर: थंडीने घेतलेली बोटं. कीव्हच्या एका विद्यार्थ्याने लगेच सांगितलं, तेच उत्तरेकडचे लोक आमच्याकडेही आले होते, राज्यच मांडून बसले. जानेवारीत सकाळी साडेनऊच्या वर्गात ‘नम’ समजावून सांगावं लागत नाही.

आणि तुमच्यासाठी शेवटची गोष्ट, खास कॉर्कची. तुमच्या पुस्तकात ‘टेक द चिल्ड्रन टू स्कूल’ असेल. पण आयर्लंडात लोक सर्रास ‘ब्रिंग’ म्हणतात, ‘आय ब्रिंग देम टू स्कूल’, बोलणारा शाळेपासून लांब असला तरी. बायका शाळेच्या फाटकापाशी इतर आयांकडून हेच ऐकून येतील आणि तुमच्याकडे तक्रार करतील की पुस्तक चुकतंय. तुम्ही दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहा आणि एकाखाली ‘परीक्षेत’, दुसऱ्याखाली ‘फाटकापाशी’ असं लिहा. त्यांच्या ‘प्रि’ आणि ‘विद’च्या हिशेबात ते ‘ब्रिंग’ बसणार नाही आणि थोडी कुरकुर होईल. होऊ द्या.